पांढऱ्या बेटाचा माग

जुन्नर-आंबेगावच्या ओलिताच्या पट्ट्यात खोडव्याच्या फडातून चालत गेलं, की एखादं बेट मध्येच वेगळं दिसतं. भोवतालचा ऊस डोक्याच्या वर गेलेला आणि हे बेट जेमतेम गुडघ्याला लागणारं. त्याला कांडीच सुटलेली नसते. बुडख्यातून गवतासारखे बारीक फुटवे दाटीवाटीने वर आलेले असतात. मोजायला बसलं तर तीस-चाळीसच्या पुढे मोजणी चुकते. पानं अरुंद, पातळ, पिवळसर, आणि काही तर दुधासारखी पांढरीफेक. मूठभर पाती धरून ओढली तरी उसाच्या पानाची ती नेहमीची धार हाताला जाणवत नाही.

शेतीच्या पुस्तकांत याला ‘गवताळ वाढ’ म्हणतात. पुष्कळ शेतकरी आधी ती लोहाची कमतरता समजतात आणि हिराकस फवारतात. लोह कमी पडलं असेल तर पानाच्या शिरा हिरव्या राहतात, मधला भाग तेवढा पिवळा पडतो आणि फवारणीनंतर काही दिवसांत रंग परततो. पांढऱ्या बेटाचा रंग परतत नाही. जुन्नरच्या उसात बिबट्या दिसला की तालुकाभर बातमी होते, माणिकडोहच्या निवारा केंद्रापर्यंत धावपळ होते, आणि ती व्हायलाच हवी. पण या पांढऱ्या बेटामागे जो जीव दडलेला असतो, तो कुणाच्याच नजरेस पडत नाही. त्याला नीट ओळखायला ७० वर्षं लागली, आणि त्या शोधातले काही मोठे टप्पे आपल्या पुण्यातच पार पडले.

सुरुवात कालव्याच्या पाण्यापासून करायला हवी. दख्खनच्या कोरड्या पठारावर ऊस पूर्वीही होता, पण तो विहिरीवरचा, गुऱ्हाळापुरता. कालव्यांनी त्याचं स्वरूप बदललं. प्रवरेवरचं भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. त्या पाण्यावर नगर जिल्ह्यात सलग उसाचे पट्टे उभे राहिले. हरिगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना होता. पुढे १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला. पंचक्रोशीच्या पंचक्रोशी उसाखाली आली. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू अशा तिन्ही लागणी आणि वर खोडवा, त्यामुळे बाराही महिने कुठे ना कुठे हिरवा ऊस उभाच. रस शोषणाऱ्या किड्यांना यापेक्षा आणखी काय हवं?

दुसरी गोष्ट बेण्याची. ऊस बी पेरून कुणी लावत नाही. टिपरी सरीत दाबली की तिच्या डोळ्यातून नवा ऊस फुटतो. म्हणजे नवा फड हा जुन्या उसाचाच पुढचा वाढा असतो, आणि जुन्याच्या अंगात जे असेल ते सगळं त्याच्याकडे येतं. बेणं पाहुण्यांकडून येतं, शेजारच्या गावाहून येतं, ट्रॅक्टर-ट्रॉलीतून तालुके ओलांडतं. त्याच्या अंगात रोग असेल तर तोही सोबत प्रवास करतो.

ही धास्ती नवी नव्हती. १८८०च्या दशकात जावा बेटावर उसाचं असंच गवत होऊ लागलं होतं. तिथल्या लोकांनी त्या रोगाला ‘सेरे’ म्हटलं. सेरे म्हणजे गवती चहा. उसाचं बेट गवती चहाच्या ठोंबासारखं दिसायला लागलं, एवढं साधं ते नाव. डचांचा साखरेचा धंदा त्या रोगाने हादरला. डोंगरातल्या निरोगी मळ्यांतून बेणं आणणं, नव्या संकरित जाती काढणं आणि टिपऱ्या गरम पाण्यात बुडवून लावणं, हे तीन उपाय तिथे पुढे आले. १९२३ साली गेरार्डा विलब्रिंक या डच संशोधिकेने गरम पाण्याचा उपाय मांडला. रोग कशाने होतो हे कळलेलं नसतानाच तो लागू पडला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे गवताळ वाढीची नोंद झाली ती १९४९ साली, त्याच बेलापूर भागात. पुढे वनस्पतिरोगतज्ज्ञ बी. एल. चोना यांनी ती शास्त्रीय वाङ्मयात आणली. त्या काळी जो रोगकारक सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, प्रयोगशाळेतल्या बशीत वाढत नाही आणि तरीही कलमातून, बेण्यातून, किड्यांतून पसरतो, त्याला विषाणू मानायची रीत होती. गवताळ वाढीलाही विषाणूंच्या रांगेत बसवलं गेलं. १९६० साली चोना, कपूर, वर्मा आणि सेठ या चौघांनी तिच्यावर सविस्तर निबंध लिहिला. यातले कपूर आणि वर्मा भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या विषाणू संशोधन केंद्रातले. रोग पसरवल्याचा आळ तेव्हा मावा किडीवर आला. वनस्पतींचे पुष्कळ विषाणू मावाच पसरवतो, त्यामुळे तो तर्क चुकीचा म्हणता येत नाही. ज्या गृहीतावर तो उभा होता, ते गृहीतच पुढे कोसळलं.

ते कोसळलं १९६७ साली, टोकियोत. रेशमाच्या किड्यांसाठी लावलेल्या तुतीला खुजेपणाचा रोग होत असे आणि त्याचा विषाणू काही केल्या सापडत नव्हता. योजी दोई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोगट तुतीच्या अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांचे पातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरले. विषाणू नव्हता. होते ते गोल, लांबट, वेडेवाकडे सजीव, भोवती फक्त एक नाजूक पापुद्रा असलेले. इतर जिवाणूंना असते तशी टणक भिंतच त्यांना नव्हती. त्याच वर्षी जपानमध्ये दुसऱ्या गटाने रोगट तुतीला टेट्रासायक्लिन देऊन पाहिलं आणि लक्षणं ओसरली. विषाणूवर या औषधाची मात्रा चालत नाही, जिवाणूवर चालते. ज्यांना ४०-४० वर्षं विषाणूरोग म्हटलं जात होतं, अशा अनेक रोगांचा कर्ता एका फटक्यात बदलला. या जिवांना पुढे १९९४ साली फायटोप्लाझ्मा हे नाव मिळालं.

भारतातही लगोलग जुन्या रोगांची फेरतपासणी सुरू झाली. १९६९ साली चंदनाच्या ‘स्पाइक’ रोगात आणि वांग्याच्या पर्णगुच्छात, ज्याला आपले शेतकरी बोकड्या म्हणतात, हेच जीव दिसले. १९७१ साली गवताळ वाढीच्या उसातही ते सापडले. बेलापूरच्या नोंदीला तेव्हा २२ वर्षं झाली होती.

इथे मुख्य वाट सोडून लिंबूवर्गीय फळांकडे वळायला हवं, कारण पुण्याचं नाव जगभरच्या जिवाणूशास्त्रात नोंदलं गेलं ते त्या वाटेने. संत्रा-मोसंबीची पानं चट्ट्याचट्ट्यांनी पिवळी पडतात, फळं वाकडी आणि एका अंगाने हिरवीच राहतात, झाड शेंड्याकडून वाळत जातं. या रोगाला ‘ग्रीनिंग’ म्हणतात. तोही विषाणूरोग समजला जाई. १९६७ सालीच, म्हणजे टोकियोत तुतीचे काप तपासले जात होते तेव्हा, पुण्याच्या केंद्रात कपूर, राव आणि विश्वनाथ यांनी दाखवून दिलं, की भारतात हा रोग सायला नावाची बारीकशी कीड पसरवते. ती कोवळ्या पालवीवर बूड उचलून, तिरकी बसते. विदर्भातल्या संत्रा बागायतदारांना ती चांगली ठाऊक आहे.

तीन वर्षांनी फ्रान्समध्ये या रोगाचा जिवाणू सूक्ष्मदर्शकात दिसला. तो फायटोप्लाझ्मा नव्हता, त्याला बारीकशी भिंत होती. पण राहायची जागा तीच, झाडाच्या अन्नरसाची नळी. बोर्दो इथल्या जोसेफ बोव्हे आणि मोनिक गार्निए यांच्या गटाने त्याचा पिच्छा पुरवला. बशीत तो वाढेना, म्हणून त्यांनी १९८३ साली एक युक्ती केली. आपल्याकडे कुंपणावर वाढते त्या अमरवेलीसारख्या वेलीचा एक तंतू रोगट संत्र्यावर आणि दुसरा सदाफुलीवर चढवला. वेलीच्या सोंडांतून जिवाणू सदाफुलीत उतरला आणि तिथे भरभराटला. या सगळ्या कामात आशियाई नमुना म्हणून जो वाण वापरला गेला, तो होता भारतातून आलेला ‘पूना’ वाण. आफ्रिकी नमुना होता दक्षिण आफ्रिकेतल्या नेल्स्प्रुइटचा. दोघांची जनुकं शेजारी मांडल्यावर कळलं, की बाहेरून एकच दिसणारा हा रोग दोन वेगळ्या जिवाणूंचा आहे. आफ्रिकी जिवाणूला थंड हवा मानवते, आशियाई उन्हाळा सोसतो. १९९४ साली त्यांना स्वतंत्र नावं मिळाली आणि आशियाई नावामागचा आधार पुण्याच्या नावाने ओळखला जाणारा वाण होता.

हा भेद किती मोलाचा होता, ते अमेरिकेतल्या फ्लोरिडाने अनुभवलं. आशियाई जिवाणू तिथे २००५ साली आढळला. २००३-०४ च्या हंगामात फ्लोरिडात संत्र्यांच्या सुमारे २४ कोटी पेट्या निघाल्या होत्या. वीस वर्षांनी, २०२३-२४ मध्ये, त्या दोन कोटींच्याही खाली आल्या.

आता पुन्हा उसाकडे. फायटोप्लाझ्मा म्हटल्यावर मावा आपोआप संशयातून सुटला, कारण जगभर हे जीव मुख्यतः तुडतुडे आणि त्यांचे जातभाईच पसरवतात. पण नेमका कोणता तुडतुडा? भारतीय संशोधकांनी २००६ साली डेल्टोसेफॅलस व्हल्गॅरिस या तुडतुड्याचा पुरावा मांडला. हा किडा इतका लहान, की उसाच्या पानावर तो बसलाय हे तो उडाल्यावरच कळतं. रोगट पानातला रस ओढताना जिवाणू त्याच्या पोटात जातो. तिथून आतड्याची भिंत ओलांडून अंगभर पसरतो, वाढतो आणि शेवटी लाळेत उतरतो. याला दिवस जातात, कधी आठवडेही. त्यानंतर मात्र तो तुडतुडा ज्या ज्या पानात सोंड खुपसतो, तिथे रोग सोडतो.

उसाचं गवत का होतं, याचाही काही अंदाज आता बांधता येतो. हे काम उसावर नाही, दुसऱ्या एका फायटोप्लाझ्मावर इंग्लंडमध्ये नॉर्विच इथे झालं. हा जिवाणू झाडात काही प्रथिनं सोडतो. त्यांतलं एक झाडाचा फुटव्यांवरचा लगाम ढिला करतं, म्हणून झाड झुडपासारखं पसरतं. तेच प्रथिन झाडाच्या किडीविरुद्धच्या बचावालाही लंगडं करतं. अशा झाडावर तुडतुडे जास्त अंडी घालतात, हे २०११ मध्ये दिसून आलं. रोगट झाडाने वाहकाचीच सोय करावी, असं हे गणित आहे. आपल्या फडातलं ते मऊ, कोवळ्या पात्यांचं बेट पाहिलं की हे गणित मनात राहतं.

राहिला प्रश्न हा जिवाणू नक्की कोण. बशीत न वाढणाऱ्या जिवाणूला शास्त्रात पक्कं नाव देत नाहीत. त्याच्या नावाआधी ‘कँडिडेटस’ लावतात, म्हणजे तो कायमचा उमेदवार. २००४ साली फायटोप्लाझ्मांसाठी नियम ठरला: सुमारे १,५०० अक्षरांचं एक ठरावीक जनुक वाचायचं आणि ते दुसऱ्याशी ९७.५ टक्क्यांहून जास्त जुळलं, तर दोघं एकाच प्रजातीत धरायचे. या मापाने उसाची गवताळ वाढ, थायलंड-तैवानमधला उसाचा पांढऱ्या पानांचा रोग आणि भाताचा पिवळा खुजा रोग हे सगळे एकाच घरचे ठरत होते, भाताच्या नावाच्या ‘ओरायझी’ या घरचे. पण २००७ साली भारतातल्या वेगवेगळ्या भागांतला रोगट ऊस तपासला गेला, तेव्हा एकाच लक्षणामागे एकच जीव आहे असं दिसेना. नवे फायटोप्लाझ्मा पुढे आले. एका जनुकाची पट्टी अपुरी पडत होती. सगळा जनुकसंच वाचायला हवा होता.

ते काम पुण्यात झालं. राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव साधन केंद्रात हजारो जिवाणू वाढवून, गोठवून जपलेले आहेत. जिवाणू वाढवण्यात ज्यांचा हात बसलेला, त्या डॉ. योगेश शौचे आणि डॉ. अमित यादव यांच्या गटाने न वाढणारा जिवाणू हाती घेतला. अडचण काय होती ते पाहा. रोगट पानातून जनुकद्रव्य काढलं, की त्यात बहुतेक सगळं उसाचंच असतं, आणि उसाचा जनुकसंच सुमारे १,००० कोटी अक्षरांचा. त्यात जिवाणूचा संच जेमतेम पाच लाख अक्षरांचा. ज्वारीने भरलेल्या पेवातून राळ्याचा एक दाणा वेचावा, तसं हे काम. आपल्या आतड्यातल्या साध्या ई. कोलाय जिवाणूकडे ४६ लाख अक्षरं असतात. उसातल्या या जीवाने इतकं गमावलंय, की जगण्यासाठी लागणारं पुष्कळ काही तो उसाकडून आणि तुडतुड्याकडून उचलतो.

या गटाने २०२० साली एकाच वेळी दोन फायटोप्लाझ्मांचे जनुकसंच प्रसिद्ध केले. एक उसाच्या गवताळ वाढीचा, दुसरा पांढऱ्या पडलेल्या हरळीचा. ओझर आणि लेण्याद्री, दोन अष्टविनायकांचा आपला जुन्नर तालुका. दूर्वा, म्हणजे हरळीच, खुडणाऱ्यांनी बांधावर अशी पांढरी पाती पाहिली असतील. नजरेला दोन्ही रोग सख्खे भाऊ वाटतात. जनुकं वाचली, तर दोन वेगळ्या प्रजाती. बांधावरची हरळी पांढरी आहे म्हणून उसात रोग तिथूनच आला, असं नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही, हे त्यातून कळलं. २०२१ साली उसाच्या जिवाणूला भाताच्या घरातून वेगळं काढून स्वतंत्र नाव मिळालं: कँडिडेटस फायटोप्लाझ्मा सॅकॅराय. सॅकॅराय म्हणजे उसाचा. तो लॅटिन शब्द ग्रीकातून आला, आणि ग्रीकात गेला आपल्याच ‘शर्करे’वरून. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, प्रजातीची ती जुनी ९७.५ची मर्यादाही वाढवून ९८.६५ करण्यात आली.

नाव मिळाल्याने फडातला ऊस हिरवा होत नाही, हे खरं. पण कोणता जीव, कोणत्या किड्यातून, कोणत्या झाडातून येतो हे ओळखण्याची खूण हाती आली. बेणेमळ्यातला ऊस वरून हिरवागार दिसत असतानाच त्याच्या पानाचा तुकडा तपासून आत जिवाणू आहे का ते सांगता येतं. गवताळ वाढीत ही गोष्ट सर्वांत मोलाची आहे, कारण पहिल्या लागणीत रोग अनेकदा दबून राहतो आणि खोडव्यात उफाळतो.

कुकडी प्रकल्पाने जुन्नर-आंबेगावची शेती आमूलाग्र बदलली. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांचं पाणी आलं. जिथे बाजरी आणि मटकी होत होती तिथे ऊस आला. जुन्नरला विघ्नहर, आंबेगावला भीमाशंकर हे सहकारी कारखाने उभे राहिले. प्रवरेकाठी शंभर वर्षांपूर्वी जे घडलं तेच इथे घडलं: बारमाही पाणी, बारमाही ऊस, खोडव्यावर खोडवा आणि शेतातून शेतात फिरणारं बेणं. त्यात महाराष्ट्राचा बहुतेक ऊस दोन-चार जातींचा. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून १९९६ साली आलेली को ८६०३२, म्हणजे ‘नीरा’, सगळ्यांत पुढे. एकाच जातीच्या सलग पट्ट्यात रोगाची वाट सोपी होते, हे जावाच्या मळ्यांनी दाखवून ठेवलेलं आहे.

उपाय मात्र विलब्रिंकबाईंनी दाखवलेल्या वाटेवरचाच आहे. मांजरीला १९७५ साली सुरू झालेल्या, आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने आणि पाडेगावच्या केंद्राने बेणेमळ्याची पद्धत राज्यात रुजवली. टिपऱ्यांना ५४ अंश सेल्सियसच्या दमट गरम हवेत अडीच तास ठेवतात. तेवढी ऊब उसाचा डोळा सोसतो, आतला जिवाणू सोसू शकत नाही. त्यातून मूलभूत बेणं, त्यातून पायाभूत, त्यातून प्रमाणित, असं तीन पायऱ्यांनी ते शेतकऱ्याकडे येतं. ऊतीसंवर्धनाची रोपंही याच साखळीत आली. सातगाव पठारावरच्या बटाटेवाल्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. मंचरच्या बाजारातून पंजाबचं बेणं घेताना ते पिशवी उघडून बटाटा हातात घेऊन पाहतात. ऊस लावताना तीच चिकित्सा अजून पुष्कळांकडून होत नाही. ऊसतोड चालू असते, शेजारी दोन ट्रॉल्या बेणं फुकट देतो, आणि सरी भरली जाते.

माझं सांगणं एवढंच आहे. खोडव्यात फिरताना एखादं पांढरं बेट दिसलं, तर हिराकसाचा पंप काढू नका. ते कुदळीने बुडख्यासकट उपटून बांधाबाहेर नेऊन नष्ट करा, आणि त्या फडातलं एकही टिपरं बेण्याला वापरू नका, कुणाला देऊही नका. दर तीन-चार वर्षांनी बेणं बदला, आणि नवं बेणं घेताना ते कोणत्या बेणेमळ्यातलं आहे, त्याला उष्ण प्रक्रिया झालीय का, हे आधी विचारा.